मणक्यातलं छिद्र

मंगळवार, संध्याकाळ. होस्टेल, यवतमाळ.

उद्या मानेच्या मणक्यांची तोंडी परीक्षा. सीनियर ताईकडून घेतलेला हाडांचा डबा उघडला आणि पहिल्याच मणक्यावर अडकले. कवटी टेकते तो. त्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रं असतात, एकात पेनाची रिफिल घातली, सहज गेली. त्यातून मेंदूकडची रक्तवाहिनी वर चढते. मान झटक्याने पिळली तर तिला आतून चीर पडू शकते, असं मॅडमनी कालच शिकवलं. मी वहीत लिहूनही घेतलं.

आणि दुपारी नेरहून बाबांचा फोन आला, तेव्हा मला त्यातलं काहीच आठवलं नाही.

"सकाळी कटिंगले गेलतो. न्हाव्यानं मान मोडून देली, कडकड वाजली. तवापासून चक्कर येऊन राह्यली."

मी काय म्हणाले? पडून राहा. डॉक्टर होणार म्हणे मी.

मान आखडली आहे तर दुकानात मोडून घ्या, हेही रविवारी मीच सांगितलं होतं. लहानपणी त्यांच्यासोबत जायची, तो कडकड आवाज ऐकून हसायची.

आत्ता आईला फोन केला. त्यांना ताबडतोब दवाखान्यात ने म्हटलं.

"कायले भेव घालतं मले? गाढ झोपले हायेत. जेवाले दोनदा हाक मारली, उठले नाही. थकले असतीन."

शेजारच्या काकांना गाडी काढायला सांग, म्हणून ओरडले. मग फोन कट झाला. आता कुणीच उचलत नाही. नेरला जायला ऑटो बोलावला आहे, तो येईपर्यंत हे लिहिते आहे.

रिफिल अजून त्या छिद्रातच आहे. मला ती ओढून काढवत नाही.