भगदाड आणि ओलेनडॉर्फबाई

१२ नोव्हेंबर

उघडं! सताड उघडं!

घर गरम ठेवण्यासाठी नगरपालिका जी मदत देते, तिच्यासाठी मी अर्ज केलाय. (आमच्या हॅकर क्लबात हे कोणाला माहीत नाही. कळणारही नाही.) सकाळी तो कुठवर पोचला ते संगणकावर बघत होतो. वरच्या पट्टीत माझ्या अर्जाचा क्रमांक दिसत होता. हाताला खोड — शेवटचा आकडा एकाने वाढवला. समोर दुसऱ्याच कोणाचा तरी अर्ज! नाव, बँकेचा खाते क्रमांक, दुखणीबाणी, सगळं. पासवर्ड नाही, विचारपूस नाही. आमच्या वेस्टरमूर गावात यंदा चार हजार लोकांनी अर्ज केलेत म्हणे. म्हणजे चार हजार घरांची झाकलेली मूठ उघडी.

झटकन बंद केलं. आमचा नियम साधा आहे. दार लोटून पाहिलं आणि उघडं निघालं, तर ओढून घ्यायचं, मालकाला सांगायचं, आणि पुन्हा हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा लोटलं की आपण चोर. तीस वर्षं पाळत आलोय.

त्या अर्जातलं गुडघ्याचं ऑपरेशन तेवढं वाचलं गेलं. दुपारी बेकरीत एक बाई लंगडत आल्या, मी मान खाली घालून बाहेर पडलो. पाव घ्यायचा राहिला.

१३ नोव्हेंबर

सकाळी नऊला नगरपालिकेत फोन. तिथल्या कारकून ओलेनडॉर्फबाईंनी उचलला. नाव सांगितलं नाही — नाव सांगितलं की अर्ज आलाच. आवाज जरा घोगरा काढला. म्हटलं, तुमच्या अर्जांच्या पानाला भगदाड आहे, क्रमांक बदलला की दुसऱ्याचा अर्ज उघडतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "अनोळखी माणसाने फोनवर घाई केली, की फोन ठेवायचा असतो." आणि ठेवला.

हे वाक्य माझं आहे! मार्चमध्ये नगरपालिकेच्या लोकांना सुरक्षेचं शिक्षण मीच दिलं होतं. दोन दिवस, चौतीस माणसं. चौतिसातल्या तेहतीस जणांनी पेंगून काढलं. ओलेनडॉर्फबाई पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होत्या.

१४ नोव्हेंबर

आज नावानिशी मेल लिहिला. अर्जाचा उल्लेख टाळला, भगदाडाचा सविस्तर केला. तीन मिनिटांत उत्तर — "आपले पत्र संशयास्पद म्हणून बाजूला ठेवले आहे." शिकवणाऱ्याचं नाव घेऊन आलेल्या पत्रावर तर मुळीच विश्वास ठेवू नका, हेही मीच सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला.

१९ नोव्हेंबर

चांगला कोट घालून स्वतः गेलो. खिडकीपाशी ओलेनडॉर्फबाई. ओळखपत्र सरकवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, वाकवलं, नखाने कड खरवडली आणि परत दिलं. मार्चमध्ये मी घरी केलेलं खोटं ओळखपत्र वर्गात फिरवलं होतं, ते चौतिसांपैकी एकालाही ओळखता आलं नव्हतं. तेव्हा फार ऐटीत होतो मी.

भगदाडाचं सांगायला तोंड उघडलं, तर बाई काचेजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही बोलला होतात. एक दिवस न सांगता येईन, सोंग घेऊन येईन, बघू कोण फसतं."

बोललो होतो. जाता जाता, रुबाब म्हणून. म्हटलं, बाई, ही परीक्षा नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, परीक्षा घ्यायला आलेला माणूस असंच म्हणणार.

मागे रांगेत सहा माणसं. त्यातली दोन काठी टेकत आलेली. मी निघालो.

२५ नोव्हेंबर

हॅम्बुर्गहून पत्र! मेळाव्यात बोलायला बोलावलंय! अकरा वर्षं विषय पाठवतोय, अकरा वर्षं नकार. हजारो हॅकर जमतात तिथे, आणि मी दर डिसेंबरला मागच्या भिंतीला टेकून दुसऱ्यांची भाषणं ऐकतो. आता मोठं सभागृह, २८ डिसेंबर, दुपारी चार. विषय — लहान गावांची कुलपं.

अट एकच. उदाहरण खरं हवं, आणि ते भगदाड बुजलेलं हवं. तसं मालकाचं लेखी १५ डिसेंबरच्या आत हवं. बरोबर आहे. उघड्या घराचा पत्ता चव्हाट्यावर सांगायचा नसतो.

संध्याकाळी क्लबात त्यार्कला सांगितलं (अर्जाचं सोडून). त्यार्क आमचा खजिनदार, पोटापाण्यासाठी बेकरी चालवतो आणि फावल्या वेळात कुलपं उघडतो. इतका हसला की हातातल्या माटे सरबताची बाटली उपडी झाली. म्हणतो, "फोल्कर्ट, तू इतकं चांगलं शिकवलंस हे मला माहीत नव्हतं रे."

२ डिसेंबर

त्यार्कची अक्कल — फॅक्स कर. फॅक्सबद्दल तू त्यांना काही शिकवलं होतंस का? नव्हतं! एवीतेवी आपल्या जर्मन सरकारी कचेऱ्या देवापेक्षा फॅक्सला जास्त मानतात. बेकरीच्या मागच्या खोलीत त्याचं जुनं यंत्र आहे. पिठाने पांढरं झालंय, पण चालतं. दोन पानं पाठवली. पोच आली तेव्हा मी त्यार्कला मिठी मारली. पीठ कोटाला लागलं.

४ डिसेंबर

फॅक्सला फॅक्सने उत्तर. शिक्का, सही, सगळं. "पाठवणाऱ्याची ओळख पटलेली नाही. कृपया समक्ष यावे."

९ डिसेंबर

समक्ष गेलो. बस चुकली, चालत गेलो. अर्धा पाऊस, अर्धं बर्फ. खिडकीपाशी पोचलो तेव्हा बाह्यांतून पाणी गळत होतं. आज सोंग नाही, रुबाब नाही. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, बाई, मला तुमच्याकडून काही नको. फक्त ते पान बंद करा. चार हजार लोकांची गोष्ट आहे, कोणी वाईट माणसाच्या हाती लागलं तर?

बाईंची नजर माझ्या गळणाऱ्या बाह्यांवर गेली. वाटलं, आता पटलं. मग म्हणाल्या, "आमच्या आत काय आहे आणि काय नाही, ते बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही." खिडकीची झडप खाली ओढली. जेवणाची सुट्टी.

भयंकर चिडलो. परतीच्या वाटेवर निम्मा राग त्यांच्यावर काढला, निम्मा स्वतःवर.

१० डिसेंबर

ताप. नाक गळतंय.

११ डिसेंबर

त्यार्क कोबीची भाजी आणि सॉसेज घेऊन आला. म्हणाला, एकदा आकडा बदलून बघ ना, कदाचित बुजवलंही असेल. बघायला काय जातं? म्हटलं, तीस वर्षं जातात. तो म्हणाला, "तुझं घर, तुझा संगणक, कोण बघतंय?" म्हटलं, मी बघतोय. मग दोघांनी भाजी खाल्ली. सांगायचं तर तो गेल्यावर हात दोनदा तिकडे गेला. दोन्ही वेळा उठून भांडी घासली.

१५ डिसेंबर

हॅम्बुर्गला कळवलं. भगदाड बुजलेलं नाही, मी बोलू शकत नाही, माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या. चार ओळींच्या पत्राला दोन तास लागले. त्यांचं उत्तर सभ्य होतं — राखीव यादीत लोक आहेत, काळजी नसावी.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. अकरा वर्षं! पण भाषणापेक्षा ते चार हजार लोक जास्त छळतात. रोज सकाळी पहिला विचार — आज कोणाच्या हाती लागलं असेल?

२७ डिसेंबर, हॅम्बुर्ग

आलोच शेवटी. घरी बसून करणार काय? मेळाव्यात ज्याने त्याने थोडं काम उचलायचं अशी रीत आहे, मी भांडी घासायचं घेतलं. अलीकडे हात बसलाय. उद्या चारला माझ्या जागी कोण आहे ते मुद्दाम पाहिलं नाही. त्यार्क जाऊन पाहून आला आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. विचारलं तर म्हणतो, उद्या पुढे बस.

२८ डिसेंबर, हॅम्बुर्ग

चार वाजता राखीव यादीतून मंचावर आल्या त्या ओलेनडॉर्फबाई. भगदाड १३ नोव्हेंबरलाच बुजलं होतं. निनावी फोन ठेवला आणि त्याच पावली जिना चढून त्या नगरपालिकेच्या संगणकवाल्याकडे गेल्या, चाळीस मिनिटांत पान बंद! हे सांगायला त्यांना तीन मिनिटं लागली. उरलेलं भाषण एका चिवट हल्लेखोरावर — तो मेल करतो, खरं वाटेल असं ओळखपत्र आणतो, फॅक्ससुद्धा पाठवतो, आणि नगरपालिका महिनाभर त्याला दाद देत नाही. शेवटी कोणीतरी विचारलं, होता कोण तो? बाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. "आमचे शिक्षक. परीक्षा घेत होते. शेवटच्या वेळी अगदी चिंब भिजून आले होते. आत बसवून गरम चहा द्यावा असं फार मनात आलं. पण तुम्हीच सांगा, त्यांना आत घेणं बरोबर झालं असतं का?" तीन हजार लोक एका सुरात ओरडले, नाही! सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.