डावीकडचा पडदा

कुह्मो, २ मार्च

चि. साइमीस त्यूने आजीचे अ. आ.

फोन करू नकोस. फोनवर तू सांगतेस ते फोन ठेवेपर्यंत डोक्यातून जातं. कागद विणायच्या मागाला टाचता येतो.

तू ठेवून गेलीस तो पेंग्विनचं चित्र चिकटवलेला लॅपटॉप आणि तो मोठा पडदा मी विणकाम मंडळाच्या खोलीत माझ्या मागाशेजारी नेलाय. केबल लागली, पडदा उजळला, इथवर तू शहाणी. पण लॅपटॉपवर जे दिसतं तेच पडद्यावर. मला पडद्यावर नक्षी मोठी करून हवी आणि लॅपटॉपवर पावड्यांचा क्रम, कुठली पायाने कधी दाबायची तो. एकच तोंड दोनदा बघून काय करू?

तुला ठाऊक आहे, मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा सहाजणींचा मिळून एकच. जिने तिने आपल्या पाळीत आपली सतरंजी विणायची आणि उठायचं. माझी पाळी वीस तारखेपर्यंत. कागदावरची नक्षी मला आता दिसत नाही, हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्यानंतर पाळी राकेलची. ती रोज कॉफी घेऊन येते आणि मऊ आवाजात म्हणते, त्यूने, जमत नसेल तर सांग बाई, लाज कसली. एकदा पाळी सोडली की पाळ्यांच्या वहीत पुन्हा नाव लिही म्हणून कुणी सांगत नाही. आमच्या मंडळातल्या आयनोचं तेच झालं. आता ती खिडकीतून पोस्टाची गाडी बघत बसते.

टोपी घालत जा. लोभ आहे, तो लिहून वाढत नाही.

त्यूने आजी


टांपेरे, ५ मार्च

ती. आजीस साइमीचा सा. न. वि. वि.

डोळ्यांचं मला आधी का नाही सांगितलंस? बरं, रागावत नाही. तुझ्यावर रागावून कधी उपयोग झालाय?

आता नीट वाच. सेटिंग्ज उघड, त्यात ‘डिस्प्ले’वर जा. तिथे ‘आरसा’ निवडलेलं असेल, त्याच्याऐवजी ‘जोडा’ निवड. मग दोन्ही पडदे मिळून एक लांब टेबल होईल. नक्षीची खिडकी माउसने धरायची आणि मोठ्या पडद्यावर ओढत न्यायची. लिनक्स आहे म्हणून बिचकू नकोस. तुझ्याहून कमी हट्टी आहे.

राकेलशी भांडू नकोस. निदान कॉफी संपेपर्यंत. माया अशीच असू दे.

तुझी साइमी


कुह्मो, ९ मार्च

चि. साइमीस अ. आ.

आरसा गेला. पण नक्षी लॅपटॉपवरच अडकून बसलीय. मोठा पडदा माझ्या डाव्या हाताला आहे. नक्षी डावीकडे ओढली की कडेवर थडकते. माउसचा बाण उजवीकडे नेला तर नाहीसा होतो आणि मोठ्या पडद्याच्या पार पलीकडच्या टोकाला उगवतो. मी माउस डावीकडे ढकलून ढकलून टेबल संपवलं. राकेल म्हणाली, खोली संपली, आता अंगणात ने. मी म्हटलं, तू दार उघड आणि बाहेरच राहा.

दोन विती विणून झाल्यात, त्यातली एक वीत चुकली म्हणून उसवली. अकरा दिवस उरलेत. लवकर लिही, लोभ नंतर कर.

त्यूने आजी


टांपेरे, १२ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

पडदा डावीकडे कशाला ठेवलास गं? लॅपटॉपला वाटतंय तो उजवीकडे आहे.

काहीही उचलू नकोस, तुझी कंबर मला माहीत आहे. त्याच ‘डिस्प्ले’मध्ये दोन चौकोन दिसतील, १ आणि २. दोनचा चौकोन माउसने धरून एकच्या डावीकडे सोड, ‘लागू करा’ दाब. मग तो विचारेल, बदल ठेवू का? वीस सेकंदांत ‘ठेवा’ दाबायचं, नाहीतर सगळं पहिल्यासारखं होतं.

जमेल तुला. जमल्याबरोबर दोन ओळी टाक, जीव टांगणीला आहे.

तुझी साइमी


कुह्मो, २१ मार्च

चि. साइमीस अ. आ.

कशाला म्हणून विचारतेस? आपल्याकडे नक्षीचा कागद उजवीकडून डावीकडे वाचतात. पहिला धागा उजवीकडे, दुसरा त्याच्या डावीकडे. माझी शाळा सहा वर्षांची, त्यातली अर्धी बर्फात गेली. पण मागावर बावन्न वर्षं मी अशीच मोजतेय. लॅपटॉप पहिला म्हणून उजवीकडे ठेवला, पडदा दुसरा म्हणून डावीकडे. ज्याने हे यंत्र केलं तो कधी मागावर बसला नसावा.

तुझे वीस सेकंद चष्मा शोधण्यातच गेले. पुन्हा केलं तर राकेल मध्येच विचारते, कॉफीत दूध घालू का. तिसऱ्यांदा तिला म्हटलं, मोठ्याने वीसपर्यंत मोज, तेवढा वेळ तरी दुसरं काही बोलणार नाहीस. ती मोजत सुटली, बारावर मी बटण दाबलं. नक्षी डावीकडे अशी सरकली जशी लोण्यावर सुरी. नक्षीतल्या गुलाबाची एकेक पाकळी दिसायला लागली.

अठराला सतरंजी पुरी झाली. मागाच्या दांड्यावर गुंडाळून ठेवलीय, सहाही झाल्या की एकदम कापायच्या. काल सकाळी माग राकेलला दिला आणि केबल काढायला वाकले तर तिने माझं मनगट धरलं. राहू दे म्हणाली. दाराकडे बघितलं, आणि मग हळूच सांगितलं की गेल्या वर्षापासून तिलाही नक्षी दिसत नाही, पाठ असलेले पट्टेच विणत आलीय.

बोलण्यासारखं होतं पुष्कळ. मी पाळ्यांची वही ओढली आणि पुढच्या फेरीच्या, सप्टेंबरच्या पानावर माझं नाव लिहिलं. खालच्या ओळीत तिचंही मीच लिहिलं, कारण तिला ओळ दिसत नव्हती.

तुझ्यावर जीव आहे हे समजून घे, मला पुन्हा विचारू नकोस.

त्यूने आजी