पिल्लानं उचललेलं मामांचं गाणं

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार (कोपरापासून नव्हे). तुमचा घसा आणि मामींची तब्येत उत्तम असावी. मीही ठीक आहे. नोकरीचं मात्र परवापर्यंत काही खरं नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेत गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूवर काम चालतं. नर पिल्लू लहानपणी बापाचं गाणं ऐकून डोक्यात साठवतं, मग कित्येक आठवडे नुसतं बरळतं आणि आपला आवाज त्या साठवलेल्या गाण्याशी ताडत सुधारत जातं. (चुकून बघायला त्याच्या मेंदूत वेगळा भाग असतो. आपल्या घराण्यात तो सगळीकडे पसरलेला आहे.) मोठेपणी गाणं एकदा पक्कं झालं, की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

आमचं एक पिल्लू बापाविना वाढत होतं. त्याला एका पट्टीच्या नराचं गाणं स्पीकरवर ऐकवणं हे माझं काम. पण तुम्ही रोज सकाळी घरच्या ग्रुपवर रियाज पाठवता, आणि मोठ्यांचा मान म्हणून मी तो दाणे घालताना मोबाइलवर मोठ्यानं लावते. पिल्लानं स्पीकरला हिंग लावूनही विचारलं नाही.

परवा आमच्या बाई (प्रयोगशाळेच्या प्रमुख; त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही) पाहुण्यांना घेऊन आल्या. एव्हाना आमचं पिल्लू वाढून चांगला नर झालं होतं; त्याच्या पिंजऱ्यात मादी सोडली. त्यानं छाती फुगवली, तान घेतली, वरच्या सुराशी पोचता पोचता घसरला, खाकरला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मामा, मी तुम्हाला तत्काळ ओळखलं. मादीनं पाठ फिरवली.

"हा कुणाचा शिष्य?" बाईंनी विचारलं.

"माझ्या मामांचा. दाणे घालताना मी मोबाइलवर त्यांचा रियाज लावते," म्हणत मी टेबल आवरायला घेतलं. स्वतःपेक्षा त्या पोराची कीव येत होती. जन्मभर हेच गाणार, आणि एकटाच.

"आवरताय कशाला?" बाई म्हणाल्या. "नेमलेला गुरू सोडून यानं दाणे देणारीच्या हातातला उचलला. हे तपासायला हवं."

नोकरी वाचली. काल शेजारची एक मादी त्याला चिकटून बसली. (तिला कमी ऐकू येत असावं.)

तुमची लाडकी,
भाची

ता. क. नवी पिल्लं येताहेत. बाईंना गुरू समक्ष हवेत, तेव्हा दोन महिने राहायला या. घसरणं-खाकरणं जसंच्या तसं आणा. सुधारून आलात तर प्रयोग बुडाला.

ता. ता. क. मामींना विचारायचा संकोच नको. मी आधीच फोन केला होता. तुमची बॅग त्यांनी भरून दाराबाहेर ठेवली आहे.