डावी भुवई

३ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर मिळालं, उत्तराला उशीर झाला आणि कारण नेहमीप्रमाणे माझ्याकडे तयार आहे: पाचवीचे मुखवटे. या वेळी मुलांना सांगितलंय की घरातल्या एका माणसाचा चेहरा करायचा. फुग्यावर खळीने कागदाचे कपटे चिकटवायचे, वाळले की फुगा फोडायचा, मधोमध कापायचं आणि कागदाच्या लगद्याने नाक-ओठ उठवायचे. चित्रकलेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या केसांतसुद्धा खळ आहे.

पण मला वेगळाच संशय येतोय. हसशील, तरी सांगते. वाळत ठेवलेले मुखवटे काल ओळीने बघितले. कुणाचे बाबा, कुणाची आत्या, कुणाचा धाकटा भाऊ, आणि सगळ्यांची डावी भुवई सारखीच वर चढलेली! जणू मी काहीतरी लपवतेय आणि हे सगळे मला पुरते ओळखून आहेत. वर्गभर मुलं एकसारखी भुवई कशी करतील? कुणाचा तरी एकच हात सगळ्यांच्या कामात शिरतोय.

तो हात मुंगीचा असावा. अगदी बारीक चणीची म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. तिची आई ऑर्डरचे केक सजवते, तेव्हा बोटांतली कला घरूनच आलीय. मधल्या सुट्टीत सगळे मैदानावर पळतात आणि ही माझ्या खोलीत घुटमळते. बाहेरचं कोणी येणं शक्य नाही. मुखवटे शाळेतच राहतात. मुलं गेली की कुणाचं नाक सैल झालंय का बघून, कडा जरा सारख्या करून मीच ते कपाटात ठेवते, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मोठ्या बाईंनी बजावलंय की नकलेचा प्रकार आढळला तर त्या मुलाचं काम प्रदर्शनातून बाद.

तुला हॉस्टेलच्या मुली अजून हवालदारच म्हणतात ना? मग हवालदारीणबाई, मला तपास शिकवा. गुडघ्यांचं कळव. तुझा लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघे जागच्या जागी आहेत, वाकत तेवढे नाहीत. मुली पाठीमागे हवालदार म्हणतात आणि समोर मॅडम, त्यामुळे दोन्ही पदं सांभाळून आहे.

इतकी वर्षं रेक्टरकी करून मला एवढंच कळलं, की ज्याच्यावर संशय आहे त्याला विचारायला जायचं नाही. विचारलं की माणूस गप्प होतो, आणि गप्प माणूस आपल्याला हमखास गुन्हेगार वाटतो. तेव्हा त्या मुंगीला काही बोलू नकोस. सगळ्यांना समोर बसव, चिमूटभर लगदा दे आणि एकेक भुवई करायला सांग. ज्याची असेल त्याच्या बोटांतून ती पुन्हा उतरेल. आणि मुखवट्यांचा एक फोटो पाठव. मला दुसऱ्यांच्या भानगडीत डोकावल्याशिवाय करमत नाही, हे तुला ठाऊक आहे.

जेवण वेळेवर करतेस का, असं विचारत नाही. तू हो म्हणशील आणि माझा विश्वास बसणार नाही.

आशीर्वाद भरपूर आहेत, काटकसर करू नकोस.

तुझी,
मावशी


१८ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा उपाय केला आणि डोकं आणखीनच पिकलं. मुलांनी माझ्यासमोर भुवया केल्या. कुणाची सुरवंटासारखी, कुणाची कपाळाच्या मध्यावर पोचलेली, मुंगीची तर अगदीच सरळ रेघ. ती चढलेली भुवई एकालाही आली नाही. म्हणजे ही पोरगी चांगलीच हुशार निघाली, समोर असताना मुद्दाम वेगळी केली. 

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. तू नको म्हणाली होतीस तरी वर्गादेखत विचारलं, की सगळ्यांच्या मुखवट्यांना हात कोण लावतं. मुंगीने माझ्या हातांकडे पाहिलं, मग मान खाली घातली. माझ्या हातात पट्टी आहे का ते बघत असावी. वर्गात कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. एरवी खडू पडला तरी खिदळणारी पोरं ही! सगळी तिला सामील आहेत.

तिचा स्वतःचा मुखवटा आजीचा आहे, आणि सगळ्यांत सुंदर आहे. हनुवटीवरची सुरकुती बघितलीस तर थक्क होशील. एवढं मन लावून केलं, पण भुवया द्यायच्याच विसरली होती. ते राहिलेलं मी पुरं करून दिलं. त्याच बघून तिने बाकीच्यांना लावल्या असणार. मोठ्या बाईंना मी तिचं नाव दिलंय. मुखवटा बाद झाला आणि तिच्या आईला बोलावणं गेलंय. प्रदर्शन बघायला आजी येणार होती म्हणे. मला वाईट वाटतं, पण नियम तो नियम. फोटो सोबत आहे.

प्रेम आहे ते तसंच असू दे, मी चुकत असले तर रागव.

तुझी,
भिंगरी


२३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावते. आधी बसून घे.

फोटो हातात आला तेव्हा मी उभी होते, आणि मग मलाच खुर्ची शोधावी लागली. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. भिंगरे, ही भुवई त्या पोरीची नाही. ही तुझ्या आईची आहे.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा या मुलांएवढीच होतीस. आपण उशिरा घरी येऊन कारण सांगायला लागलो की ताईची डावी भुवई अशी चढायची, आणि उजवी जागची हलायची नाही. मी तिची सख्खी धाकटी बहीण, तिच्यापुढे माझंसुद्धा एक खोटं कधी टिकलं नाही. ती गेल्यावर तू पाटीवर, भिंतीवर, अंड्याच्या टरफलावर चेहरे काढायचीस आणि प्रत्येकाला ही भुवई द्यायचीस. आम्ही कोणी काही बोललो नाही. पुढे तू मोठी झालीस, आम्हाला वाटलं ते सुटलं.

आता हवालदार म्हणून बोलते. मुखवटे शाळेबाहेर जात नाहीत, किल्ली तुझ्याकडे, आणि मुलं गेल्यावर कडा सारख्या करतं कोण? आजीच्या कपाळावर लगदा लावला कोणी? सगळं तूच लिहून कळवलंस. ती पोर तुझ्या हातांकडे पट्टी शोधत नव्हती गं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देत होती.

मोठ्या बाईंकडे उद्याच जा, परवा नाही. आणि तो आजीचा मुखवटा कुठे टाकून दिला नसशील तर टाकू नकोस.

रागावून झालं. डोक्यावरून हात फिरवते.

तुझी,
मावशी


६ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कपाट उघडलं. लगद्याच्या बादलीत हात घातला, डोळे मिटले आणि एक भुवई केली. डोळे उघडल्यावर ती माझ्याकडे बघत होती. मी तिथेच बाकावर बसून रडले.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं आणि मुंगीचं नाव प्रदर्शनाच्या यादीत परत लावलं. तिच्या आईची घरी जाऊन माफी मागितली. मग वर्गासमोर उभी राहून सांगितलं, की हात लावणारी मी होते. कुणालाच नवल वाटलं नाही! एक मुलगा म्हणाला की ते तर सगळ्यांना माहीत होतं, बाई दुरुस्त करतातच. मुंगीला मी विचारलं की तेव्हा बोलली का नाहीस. ती म्हणाली, बाईंना माहीतच असेल असं वाटलं. मधल्या सुट्टीत ती खोलीत का थांबायची तेही कळलं. मी वाढवलेला लगदा काढता येतो का, ते बघायला.

जुना मुखवटा इतका कडक वाळला होता की भुवया निघेनात. तिने नवा केला. मी समोर बसले, हाताची घडी घालून. ही शिक्षा मुलांनीच ठरवलीय आणि वर्ष संपेपर्यंत लागू आहे.

काल प्रदर्शन झालं. मुंगीची आजी आली. मावशी, तिला भुवया नाहीतच. मोठ्या आजारात गेल्या, केस परत आले, भुवया आल्या नाहीत. मुलगी काहीच विसरली नव्हती. आजीने मुखवट्यासमोर उभं राहून स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवलं, आणि ती नातीला म्हणाली की बरोबर केलंस, खोटं काही लावलं नाहीस. मी मागे उभी होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

सगळे गेल्यावर मुंगी पहिला मुखवटा घेऊन माझ्याकडे आली. तिने तो जुन्या ओढणीत नीट गुंडाळला होता. म्हणाली, "बाई, ही माझी आजी नाहीये. पण कोणीतरी आहे, म्हणून मी टाकली नाही."

एक दिवस मी तो माझ्याकडे ठेवून घेतला. आता तुझ्याकडे पाठवतेय, पार्सल जपून उघड. हनुवटी त्या आजीची आहे, तेवढी तिची राहू दे. बाकी तू ओळखशील.

मी जेवते वेळेवर. हे तिच्यासमोर वाचू नकोस. तुमच्या दोघींचा लोभ असावा.

तुझी,
भिंगरी