ठमीच्या शिक्षणाचा ताबा

८ नोव्हेंबर, सोमवार

आज ठमीच्या शाळेत जाऊन आलो. शांतपणे बोलायचं असं घरूनच ठरवून गेलो होतो. बोललोही शांतपणे. पहिलं वाक्य तरी.

विषय असा, की गणिताच्या सरांनी ठमीच्या हातावर पट्टी मारली. मुलं त्यांना पट्टीसरच म्हणतात, त्यावरून काय ते समजावं. तळहातावर लाल वळ. एकुलती एक पोर, अकरा वर्षांची. तिच्यावर हात उचलायचा अधिकार जन्म देणाऱ्याचा, पगार घेणाऱ्याचा नाही, असं मी सरांना सुनावलं. सर म्हणाले, शाळेच्या वेळात मूल शाळेच्या ताब्यात. मी विचारलं, मूल म्हणजे काय भाड्यानं घेतलेली सायकल आहे का? ते म्हणाले, आवाज खाली. मग माझा हात गेला.

सर काडीपहिलवान. एका फटक्यात आडवे होतील असा अंदाज होता. त्यांनी मान वाकवली आणि माझी मूठ फळ्यावर बसली. मग खुर्ची. ती मी उचलली, पुढचं नीट आठवत नाही. सरांच्या कपाळातून रक्त येत होतं आणि माझा पुढचा दात माझ्या खिशात आहे, यावरून साधारण कल्पना येते. शिपाई आणि पीटीच्या सरांनी मला कॉलर धरून फाटकाबाहेर नेलं.

एकंदरीत मुद्दा पोचला. ठमी वर्गाच्या खिडकीतून बघत होती. बापाचा अभिमान वाटला असणार.

९ नोव्हेंबर, मंगळवार

ओठ सुजून वांग्याएवढा. शाळेत आत पाऊल टाकायला मला मनाई केलीय म्हणे. मनाई कसली करता, पोरच काढून घेतो. मूल आईबापाचं, तेव्हा शिक्षणही आईबापाच्याच हातात. उद्यापासून ठमी घरी शिकणार. शिक्षक मी.

ही म्हणाली, अहो, तुम्ही? मी म्हटलं, चेपलेल्या गाड्या लोक माझ्या गॅरेजमध्ये आणून टाकतात, मी पत्रा ठोकून सरळ करून देतो. मूल काय त्याहून वेगळं असतं? ही म्हणाली, पत्र्याला दुखत नाही. हिच्याशी तत्त्वाचं बोलावं तर ही मध्येच तपशील आणते.

संकल्प: मारणं नाही. ओरडणंही नाही. सगळं हसत-खेळत. मारून शिकवणं म्हणजे शाळेचा दिवाळखोरपणा.

१० नोव्हेंबर, बुधवार

शाळेचा पहिला दिवस. स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे वर्ग. फळा लावायला घेतला. खिळा भिंतीत शिरेना. मी हट्टाला पेटलो, की खिळ्याला शिरावंच लागतं. खिळा शिरला, पण परातीएवढा गिलावा खाली आला आणि पलीकडच्या शेजाऱ्यांची तसबीर फुटली. शेजारी तावातावानं आले. मी दार उघडलं तेव्हा हातोडा माझ्या हातात होता, एवढंच. ते आपले आपणच माघारी गेले.

विज्ञानातला 'बल' हा धडा असा आपोआप झाला. ठमी सगळा वेळ टेबलाखाली होती. उद्या वर बसवतो.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

अपूर्णांक. पाऊण अधिक अर्धा किती? ठमी पटकन म्हणाली, सव्वा. रीत विचारली, तर सरांनी शिकवलेली. मी म्हटलं, सरांची रीत या घरात चालणार नाही, बापाची रीत बघ. वरच्याची वरच्यात बेरीज, खालच्याची खालच्यात. सरळ, स्वच्छ. उत्तर आलं चार षष्ठांश.

ठमी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, हे तर पाऊणपेक्षा कमी झालं. मिळवलं आणि कमी कसं झालं?

मी ओरडलो नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कप भिंतीवर गेला. बशी वाचली.

१५ नोव्हेंबर, सोमवार

गॅरेजमध्ये लोक बोंबलतायत. सकाळ शिकवण्यात जाते, गाड्या तशाच पडून. आमचा पेंटर म्हणाला, शेठ, पोरीला शाळेत घाला आणि कामाला लागा. पोरीच्या शिक्षणात आता पेंटरही बोलणार! मी त्याच्या दिशेनं हातोडी भिरकावली. रबरी होती. तरी खांद्याला लागली म्हणून तो काम सोडून गेला. लोकांना हल्ली सहनशक्ती अशी राहिलेलीच नाही.

घरी मात्र प्रगती आहे. ठमी आता उलट प्रश्न विचारत नाही.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेच्या मोठ्या बाई स्वतः घरी आल्या. मनात म्हटलं, आले की नाही गुडघ्यावर! म्हणाल्या, सरांचं चुकलंच. त्यांना लेखी ताकीद दिलीय, पट्टी काढून घेतलीय. मुलीला पाठवा.

इथपर्यंत ठीक. पुढे म्हणाल्या, तिनं काय शिकायचं ते आमच्यावर सोडा. मी म्हटलं, ते मी ठरवणार. त्या म्हणाल्या, निदान ठमीला काय वाटतं ते तरी विचारलंत का? मी म्हटलं, बाई, पत्र्याला विचारून कुणी ठोकत नाही. त्या ठमीकडे बघायला लागल्या. माझ्या घरात उभं राहून माझ्या मुलीकडे असं बघायचं? मी म्हटलं, निघा. त्या उंबऱ्याबाहेर गेल्या आणि मी दार लावलं. जरा जोरात लागलं. आपलं बोट मध्ये आहे हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

ओरडल्या फार. शिकलेल्या बाईला शोभत नाही.

२० नोव्हेंबर, शनिवार

आज विशेष काही नाही.

चाचणी घेतली. ठमी लिहीना. का लिहीत नाहीस, विचारलं. बोलेना. पुन्हा विचारलं, तर माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत बसली. हात सहज गेला. टेबलाची कड मध्ये आली. भुवईपाशी थोडंसं.

टाके पडले, पण बारीक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं लागलं? मी म्हटलं, पडली. त्यांनी ठमीला विचारलं. ठमी म्हणाली, पडले. एका शब्दाचाही फरक नाही. शिस्त लागतेय.

जेवलो नाही. पित्त असावं.

२१ नोव्हेंबर, रविवार

ठमीसाठी रंगीत खडूंची पेटी आणली. थँक्यू बाबा म्हणाली. उघडली नाही.

ही कालपासून बोलत नाही. घरात भांड्यांचाच काय तो आवाज. असो. आपलेच दात, आपलेच ओठ.

२२ नोव्हेंबर, सोमवार

उठलो तर घर रिकामं. ही ठमीला घेऊन शाळेत गेली, मला न विचारता!

मीही गेलो. फाटक बंद. वॉचमन म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही. माझ्याच मुलीला भेटायला परवानगी? फाटकाला लाथा घातल्या. एक बिजागरी निखळली. (कामाचा दर्जाच तसा.) वॉचमननं गजांतून काठी काढून माझ्या गुडघ्यावर घातली. मी काठी ओढून घेतली आणि त्याच्या मनगटावर घातली. खिडक्या पोरांनी भरल्या.

तेवढ्यात सगळे बाहेर आले. बोटाला बँडेज बांधलेल्या मोठ्या बाई, कपाळावर पट्टी चिकटवलेले पट्टीसर, आमची ही, आणि हिच्या मागे ठमी. मी म्हटलं, आता सोक्षमोक्ष होऊनच जाऊ दे. तुम्ही म्हणत होतात ना, पोरीला विचारा? विचारतो. ठमे, सगळ्यांदेखत सांग. तुला शिकवायला कोण बरं? तुझा बाप, की हा पट्टी मारणारा मास्तर?

बाई म्हणाल्या, नका असं विचारू तिला. घाबरल्या, दुसरं काय. मला उत्तराची खात्रीच होती.

ठमी हिच्या पदराआडूनच हळूच म्हणाली, सर मारायच्या आधी सांगतात.

पट्टीसरांनी मान खाली घातली. वॉचमन मनगट धरून दुसरीकडेच बघत होता.

उत्तर अपुरं आहे. तिला प्रश्न नीट समजला नसावा.

२४ नोव्हेंबर, बुधवार

ही आणि ठमी परवापासून ठमीच्या मावशीकडे. चार दिवस हवापालट.

डॉक्टरीणबाईंनी कुठं तरी कळवलंय. एक बाई घरी येऊन प्रश्न विचारून गेल्या. मी सगळं समजावून सांगितलं, की दोष कडेचा. कडही दाखवली. त्यांनी कडेचा फोटो काढला. मग भिंतीवरच्या चहाच्या डागाचा. मग माझ्या हाताचा काढायला लागल्या.

त्या गेल्यावर गॅरेजमधून मोठा घण आणला आणि टेबल फोडलं. कड कुठं शिल्लक म्हणून ठेवली नाही. शेजारी आज आले नाहीत.

बशी जमिनीवर घेऊन जेवलो.

२८ नोव्हेंबर, रविवार

आज ठमीला घरी घेऊनच यायचं असा पक्का निर्धार. रस्ताभर भाषण तयार केलं. माफी वगैरे नाही, पण त्याच दिशेचं. तिचं दप्तर घरीच राहिलं होतं, ते बरोबर घेतलं. तेवढाच बहाणा.

मावशीनं दार उघडलं, आत या म्हणाली नाही. मागे साडू हाताची घडी घालून उभे. ही आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. मी म्हटलं, फक्त दप्तर द्यायचंय. मावशीनं ठमीला हाक मारली.

ठमी आली. टाके काढलेत. तिथले भुवईचे केस अजून आलेले नाहीत. भाषणाचं पहिलं वाक्य बोलायच्या आधी मी दप्तर पुढे केलं.

तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, अगं, दप्तर आहे. ती तशीच. दप्तर उंबऱ्यापाशी ठेवलं. मागे सरलो. तरी ती तशीच. जिन्याच्या पायऱ्या उतरून पार खालच्या वळणावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा तिनं हात खाली घेतले. दप्तर उचललं. वरूनच थँक्यू बाबा म्हणाली आणि दार लावलं. अगदी हळू, आवाज न करता.

भाषण राहिलं.

घरी आल्यापासून उजवा हात दुखतोय. दप्तराच्या वजनानंच असणार.