घुबडाच्या घराचं मागचं दार

एशोवे, ९ मे १९९६

चि. थाबिसिलेस बोंगुमुसाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. माझ्या हातचं काम ऐक. फळांच्या जुन्या खोक्यांतून घुबडांसाठी तीन घरं, तेलाच्या डब्यांच्या पत्र्यातून त्यांची छपरं, फाटक्या टायरच्या पट्ट्यांतून मागच्या दारांच्या बिजागऱ्या. खिळेसुद्धा जुनेच, ठोकून सरळ केलेले. भोकाखाली बसायला दांडी ठेवली नाही. ठेवली की कावळा बसतो नि अंडी फस्त करतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

निलगिरीच्या झाडावरच्या घरात दोन पिल्लं निघाली, मक्याच्या कोठीतले उंदीर हटले. तरी शेजारची माजोबो मला चेटक्या म्हणते. आईला म्हणाली, तुझा लेक मरणाला घर बांधून देतोय, आता ताटही वाढेल! घुबडाकडे बघू नये म्हणून झाडाखालून जाणारा जो तो मान खाली घालतो. परवा संध्याकाळी दोन्ही पिल्लं नाहीशी झाली. पाहिलं कुणी? कुणीच नाही. माझा संशय माजोबोवर.

काल झुंगू नावाचे टोपीवाले गृहस्थ आले. त्यांना अशी दहा घरं हवीत. कशाला, ते धड सांगेनात. पांढऱ्या टाचांचे बूट घालणारा माणूस मला पटत नाही.

आहे तो लोभ वाढव.
बोंगुमुसा

डर्बन, १७ मे

ती. दादास शि. सा. न.

कोंबडी अंडी कुठं लपवते म्हणून दिवसभर तिच्या पाळतीवर राहणारा तू. आता बुटांवर आलास! अरे, माजोबोला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात, ती झाडावर चढेल? आईच्या घराचं गळकं छप्पर बदलायला पैसे हवेत, काम घे.

पण एक खटकतं. इथल्या झाडपाल्याच्या बाजारात झाकल्या टोपल्यांतून घुबडाची पिल्लं विकतात, औषधासाठी म्हणे. मी टोपलीत डोकावले तर विकणारा म्हणाला, बाई, बघायचेही पैसे पडतात. तू झुंगूंना बोलू दे आणि स्वतः गप्प बस. जमलं तर. पिल्लं तूच विकलीस असं वस्तीत पसरलं, तर तुला नि आईला तिथं राहू देणार नाहीत.

आईला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.
थाबिसिले

एशोवे, २६ मे

चि. थाबिसिलेस अ. आ.

गप्प बसलो. जड गेलं. झुंगू पुन्हा आले, म्हणाले, घरं हात पोचेल इतकीच उंच टांगा, आणि बिजागऱ्या रबराच्याच ठेवा, दार मुळीच करकरत नाही.

दारं शेताच्या बाजूला, तीही उंच झाडांवर, खालून दिसतच नाहीत. मी कधी त्यांना दाखवली नव्हती. कसं कळलं, एवढंच विचारलं. तसे ते चिडले. म्हणाले, जास्त बोललास तर पिल्लं तूच विकलीस म्हणून गावभर सांगेन.

कुंपणापलीकडे माजोबो मका सोलत होती. मान वर न करता म्हणाली, त्या संध्याकाळी मी खाली बघूनच चालले होते साहेब, झाडापाशी हेच पांढऱ्या टाचांचे बूट होते. इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी नंतर विचारलं. तर म्हणे, मला वाटलं तुझाच कुणी चेटक्या पाहुणा!

वस्तीला तिनेच सांगितलं. अजून कुणी वर बघत नाही, पण मला रामराम करतात.

तुझी आठवण निघते, तशी आमची निघू दे.
बोंगुमुसा

ता. क. छपराचं विचारशीलच. माजोबो बोलल्यावरही झुंगूंनी नोटा काढल्या, दहा घरं आणि आमची तोंडं बंद, मिळून. नको म्हटलं. तीन हजार रँड होते.