दुबईच्या शाळेसाठी नमुना तास

पूर्णा, शनिवार, संध्याकाळ

दुबईच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेतल्या नोकरीसाठी आज लॅपटॉपवरून हिंदीचा नमुना तास घेतला. पडद्यावर पाच मुलं आणि मुख्याध्यापिका. विषय 'माझं गाव'. मी सुरू झाले ती थांबलेच नाही. जयंतीच्या सभेत भाषण करताना चढतो तसा आवाज चढला. मधेच एका मुलीने हात वर केला. मला दिसला. पण वाक्य रंगात आलं होतं, तोडवलं नाही.

शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फार छान बोललात. पण मुलं एक शब्दही बोलली नाहीत. सोमवारी पुन्हा घ्याल?"

दाराआडून ऐकणारे हे म्हणाले, "तास घ्यायलीस का सभा? टाळ्या वाजवणार होतो, पर भ्यालो!"

हसू आलं, रागही आला. इथे तासिका तत्त्वावर दरवर्षी नवी नेमणूक, उन्हाळ्यात पगार नाही. ही नोकरी मला हवीच आहे. पण तो हात... काय विचारायचं असेल तिला? ज्यांना बोलू दिलं नाही त्यांच्यासाठी मी व्यासपीठावर भांडते, आणि माझ्याच तासात?

चहानंतर सासूबाईंना समोर बसवून सराव केला. "आई, तुमचं माहेरचं गाव कसं होतं?" एवढंच विचारून ओठ मिटले.

"काय सांगू माय, लय साधं."

मला लगेच बोलायचं होतं. बोलले नाही. मग हळूहळू पाथरीजवळची विहीर आली, मैत्रिणी आल्या, एक जुनं भांडणही आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. सोमवारी असंच विचारायचं, आणि वाट पाहायची.